येऊन राहिले

अण्णांनी चिंचवडला खोली घेतली तेव्हा आईनं दोन अटी घातल्या. पहिली अट, ती येईल, पण पाऊस पडेपर्यंतच. पाऊस पडला की सगळ्यांनी गपगुमान माघारी यायचं. दुसरी अट, रांजण बरोबर येईल. अण्णांनी दोन्ही अटी लगेच कबूल केल्या. कुठलीही अट आधी कबूल करायची आणि पुढचं पुढं बघायचं, हा वडिलांचा माझ्या जन्माआधीपासूनचा शिरस्ता होता.

आम्ही अहमदपूरचे. अण्णा तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये मशिनी सांभाळायचे. मिलच्या आवारातच आमचं दोन खणांचं घर होतं आणि अंगणाच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण. तो आईच्या माहेराहून, देगलूरहून आला होता. मी त्यात वाकून बघितलं तर माझा आवाज फिरून माझ्याच कानात यायचा, एवढा तो मोठा. मग पावसानं पाठ फिरवली. एक साल गेलं, दुसरंही गेलं. करडई जागेवर वाळली, भुईमुगाच्या शेंगा भरल्याच नाहीत, आणि मिलला गाळायला काही उरलं नाही. मालक चांगला माणूस. त्यानं अण्णांना समोर बसवून सांगितलं की पाऊस झाला, माल आला, की मिल पुन्हा सुरू करू, तोवर तुमचं तुम्ही बघा. अण्णांनी बघितलं, आणि ते थेट चिंचवडच्या एका कारखान्यात जाऊन लागले.

त्या काळात आमच्याकडे आणखी एक गोष्ट ताजी होती. लातूर जिल्हा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे होतो. या बदलाचा अण्णांना एवढा अभिमान, की जणू कलेक्टरनं त्यांना विचारूनच सही केली होती. आई मात्र नांदेड जिल्ह्यातली, आणि नांदेड हा जुना जिल्हा. अण्णा जिल्ह्याचं कौतुक करायला लागले की ती भाकरी थापता थापता म्हणायची, तुमचा जिल्हा कालचा, त्याला अजून दात यायचेत. अण्णा हसायचे. आमच्या घरात भांडण म्हणजे बहुतेक वेळा हेच असायचं.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. आईनं रांजणाभोवतीची माती खुरप्यानं मोकळी केली, चौघांनी मिळून तो वर काढला, आत-बाहेर कडबा भरून गोणपाटात शिवला. आमच्याकडे रांजण एकदा बसवला की हलवत नाहीत. घर सोडतानाच काढतात. त्यामुळे बघायला जमलेल्या बायांचे डोळे भरून आले. आईनं मात्र सगळ्यांना बजावून सांगितलं की घर सोडत नाही, पाऊस पडेपर्यंत जाऊन येते. मग रांजण नेतेस कशाला, असं एकीनं विचारलं. आई म्हणाली, तिकडं पाण्याचं काय हाय काय न्हाई, कुणाला ठाव.

चिंचवडची आमची खोली एका लांबलचक पत्र्याच्या चाळीत होती. मागं ज्वारीचं रान, पुढं कारखान्याची भिंत, आणि मधे आम्ही; शहर अजून यायचं होतं, पण निघालं होतं एवढं नक्की. ट्रकमधून आमचं सामान उतरायला लागलं तशी चाळ बाहेर आली. हंडे, कळश्या, घागरी, पिंपं, बादल्या, त्यात बसवलेली पातेली, पातेल्यांत बसवलेले तांबे. शेवटी गोणपाटातला रांजण. कुणीतरी अण्णांना विचारलं की भांड्यांचं दुकान टाकताय का. अण्णांनी उत्तर दिलं, आम्ही लातूर जिल्ह्यातले. त्यांच्या मते एवढ्यात सगळा खुलासा झाला होता. समोरच्यानं विचारलं, लातूर म्हणजे कुठं आलं? हा प्रश्न अण्णांना पुढं वर्षभर कुणी ना कुणी विचारत राहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा नव्यानं पडायचा. माझ्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात तर आमचा जिल्हाच नव्हता. मी घरी येऊन तसं सांगितलं. अण्णा म्हणाले, नकाशा जुना आहे. आई म्हणाली, नकाशा बराबर हाय, तुमचा जिल्हाच लवकर निघाला.

चाळीच्या टोकाला नळ होता आणि त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी यायचं. रोज यायचं. आईचा यावर विश्वास बसेना. ती नळाकडे अशी बघायची, जशी गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं. आज आलंय, उद्याचं काय, असं म्हणून ती सगळी भांडी भरून ठेवायची. हंडे भरले की पातेली, पातेली भरली की जेवणाचे डबे. अण्णांना एकदा कंपनीत डबा उघडल्यावर भाकरीऐवजी पाणी मिळालं. ते मित्रांना म्हणाले, आज उपास आहे. रांजण मात्र तिनं भरला नाही. त्याचं गोणपाट काढायलाच तयार नव्हती ती. तो खोलीच्या कोपऱ्यात जाडजूड पाहुण्यासारखा उभा होता, अर्धी खोली अडवून, आणि आम्ही त्याला वळसा घालून झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. बसवला असता तर त्याचा अर्थ आम्ही इथं राहणार असा झाला असता. ते अण्णांना कळत होतं, मला कळत होतं, माझ्या धाकट्या भावालाही कळत होतं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आईची बोली. अहमदपुरात ‘येतोय’ला ‘येऊलालो’ म्हणतात. अण्णा तसंच बोलायचे, पण कारखान्यात दहा ठिकाणची माणसं असल्यामुळे त्यांनी जुजबी पुणेरी उचलली होती. आई देगलूरकडची. ती म्हणायची, ‘येऊन राहिले’. म्हणजे येतेय. ‘जेवून राहिले’ म्हणजे जेवतेय. ‘पाऊस पडून राहिला’ म्हणजे पडतोय. यात न कळण्यासारखं काय आहे? आम्ही दोघं भावंडं तिच्याकडूनच बोलायला शिकलो, त्यामुळे तीच आमची भाषा.

पहिला फटका मला बसला. वर्गात बाईंनी शुद्धलेखन घातलं होतं आणि माझ्या बाकापाशी येऊन विचारलं, झालं का? मी म्हणाले, लिहून राहिले. बाईंनी माझा हात धरून उभं केलं आणि विचारलं, लिहायचं राहिलं कसं? मी म्हणाले, राहिलं नाही बाई, लिहून राहिले. त्यांनी पाटी बघितली, मला बघितलं, आणि अख्ख्या वर्गाला हसू फुटलं. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. मी मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीला ‘खाऊन राहिले, खेळून राहिले, पळून राहिले’ असं सगळं शिकवून टाकलं, आणि आठवडाभरात निम्मा वर्ग तसं बोलायला लागला. बाई डोक्याला हात लावून बसल्या.

आईला मात्र असा वर्ग मिळाला नाही. भाजीवाला हाक मारायचा, ती आतून म्हणायची, थांब रे, येऊन राहिले. तो म्हणायचा, मावशी, राहायला नका येऊ, माझी गाडी लहान आहे. नळावर बायका मुद्दाम तिला काहीबाही विचारायच्या आणि उत्तर आलं की एकमेकींना कोपरं मारायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आई बोलकी बाई होती. अहमदपुरात ती पाण्याला गेली की तासाभरानं यायची, कारण पाणी कमी आणि गप्पा जास्त. इथं ती हळूहळू मुकी झाली. हंडा लावायचा, भरायचा, उचलायचा, परत. वैतागली की मांजराला तेलुगूत ‘पो, पो’ म्हणून हाकलायची, तेवढंच तिचं बाहेरचं बोलणं. अण्णांना तिच्या रागाची कधी भीती वाटली नाही, पण या गप्प बसण्याची वाटायला लागली.

एकटी शेजारची काकू तिच्याशी नीट बोलायची. काकू पुण्यात पेठेत वाढलेली. तिचे यजमान लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले आणि उपदेश करण्यात अजून पूर्ण वेळ नोकरीवर. त्यांच्या आणि आमच्या खोलीत एक पत्रा होता, त्यामुळे आमच्याकडे फोडणी पडली की काका शिंकायचे. काकूनं आईकडे हाताच्या शेवया खाल्ल्या होत्या आणि कधीतरी करून दाखवा, असं सांगून ठेवलं होतं. आईनं ते मनात धरलं होतं.

चैत्र संपत आला होता. एका संध्याकाळी अण्णा कामावरून आले, पाय धुवायला वाकले आणि त्यांचं डोकं रांजणाच्या काठावर आपटलं. ते म्हणाले, हे एकदाचं बसवून टाक, नाहीतर मी फोडून टाकीन. आई म्हणाली, हात लावून बघा. मग आवाज चढले. आईला गावाची आठवण आली, आणि नळावरच्या हसण्याची, आणि त्यांनी कबूल केलेल्या अटीची. ती म्हणाली, “पाऊस पडू द्या, मी पोरांना घेऊन निघते. तुमी ऱ्हावा तुमच्या कंपनीत.” पत्र्यापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

सकाळी मात्र आई रोजच्यासारखी उठली, आणि भांडण झाल्यावर तिला हाताला काम लागायचं म्हणून तिनं शेवयांचं पीठ मळायला घेतलं. शेवया एकट्यानं होत नाहीत. उतरत्या पाटावर एकीनं पिठाची लांब दोरी हातानं वळत खाली सोडायची, दुसरीनं खाली ती झेलून काठीवर घालायची. दुपारी आईनं मला सांगितलं, “काकूला जाऊन सांग, दोघा पोरांना घिऊन येऊन राहिले.” शेवयांचं वेगळं सांगायची काय गरज? तासभर पीठ कुटल्याचा आवाज पत्र्यापलीकडे गेलाच असणार, असा तिचा हिशोब. मी गेले आणि शब्दाला शब्द सांगितला. काकूच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, येऊ दे हो, येऊ दे, हे तुमचंच घर आहे. मला वाटलं, पुण्याकडे शेवयांची फारच आवड दिसते.

आई कडेवर पाट, डोक्यावर पिठाची परात आणि मागं आम्ही दोघं, अशी पोचली तेव्हा काकूनं आतल्या खोलीत गाद्या घालून ठेवल्या होत्या. चुलीवर वरण-भात चढला होता. काकांचा पत्ता नव्हता. आईला नवल वाटलं, पण पुण्याची रीत असेल म्हणून तिनं पदर खोचला आणि पाट मांडला. काकू तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होती की मलाच अवघडायला झालं.

काकू म्हणाली, हवं तितके दिवस राहा, संकोच करू नका.

आई म्हणाली, “इतके दिवस कशाला? आज-उद्यात आटपतंय.”

काकूला धीर आल्यासारखं वाटलं. एवढ्यात मिटेल म्हणता, असं तिनं विचारलं.

“मिटंल की. सकाळपासून भिजलंय, आता वळायचंच ऱ्हायलंय.”

दुःखानं या बाईचं डोकं फिरलंय, असं काकूला वाटलं म्हणे. घर सोडतानासुद्धा हिनं पीठ वाया जाऊ दिलं नाही, हेही तिनं पुढं कित्येक वर्षं प्रत्येकाला भरल्या गळ्यानं सांगितलं. तिनं मुकाट्यानं खाली बसून शेवया झेलायला घेतल्या. झेलता झेलता ती मधेच आईच्या पाठीवरून हात फिरवायची. आईची दोरी तुटायची. आई म्हणायची, असू द्या, हुतंय पहिल्यांदा. काकूचे डोळे परत भरायचे.

तिकडं काका सायकल काढून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. अण्णा सुटून बाहेर आले तसं त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुमच्या मंडळी मुलांना घेऊन घर सोडून निघाल्या आहेत. पुढं त्यांना बरंच सांगायचं होतं. संसार म्हणजे काय, पुरुषानं कसं वागावं, वगैरे. त्यांनी घसा खाकरला तेवढ्यात अण्णांनी त्यांच्या हातातली सायकल घेतली आणि टांग मारली. काका रस्त्यात उभे राहिले. त्यांचा उपदेश अर्ध्यावर राहून गेल्याचं दुःख त्यांना सायकलीपेक्षा मोठं होतं.

अण्णा मुंबई रस्त्यानं थेट शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर गेले. चैत्रातलं ऊन, परक्याची सायकल, तिला एक ब्रेक. नांदेडची गाडी फलाटावर लागली होती. त्यांनी गाडीत चढून एकेक सीट बघितली, बाया बघितल्या, पोरं बघितली, टपावर रांजण आहे का हेसुद्धा शिडीवर चढून बघितलं. कंडक्टरनं विचारलं, बसायचं का उतरायचं? अण्णा क्षणभर दारात तसेच उभे होते. मग ते उतरले. हे सगळं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

ते परत आले तेव्हा उन्हं कलली होती. काकूच्या दारात बाजेवर शेवयांच्या काठ्या ओळीनं टांगलेल्या, चाळीतल्या बाया बघायला जमलेल्या, आणि मधे आई पाटावर हात चालवत बसलेली, कोपरापर्यंत पीठ. अण्णांनी सायकल भिंतीला टेकवली. ती पडली. त्यांनी उचलली नाही. अंगावरचा सदरा चिंब, केसांत धूळ, आणि ते आईकडे असे बघत होते, जशी ती आत्ताच नांदेडच्या गाडीतून उतरली आहे.

“आज लई उशीर केलात,” आई म्हणाली.

अण्णा ओट्याच्या पायरीवर बसले आणि मग, सगळ्या चाळीसमोर, म्हणाले, “मला वाटलं गेलीस. स्टँडावर जाऊन आलो. तुला जायचं असंल तर सांग, मी बी येतो. तुझ्याबिगर ह्या पगाराचं काय करू मी?”

आमच्याकडे नवरा बायकोशी चारचौघांत असं बोलत नाही. घरातही बोलत नाही. आईचे हात पाटावर थांबले. ती हळूच म्हणाली, “कुठं जाऊ? म्या तर हितं शेवया करून राहिले.”

तेव्हा काकू ताडकन उठली. पण तुम्हीच निरोप दिला होता ना, म्हणाली, मुलांना घेऊन येऊन राहते म्हणून? आईनं तिच्याकडे बघितलं, आतल्या गाद्यांकडे बघितलं, चुलीवरच्या भाताकडे, आणि मग तिच्या सगळं ध्यानात आलं. ती हसायला लागली. आम्ही चिंचवडला आल्यापासून ती अशी हसली नव्हती. पीठ लागलेले हात तोंडाशी नेले, मिश्या आल्या, तरी थांबेना. काकू हसली, अण्णा हसले, नळावर कोपरं मारणाऱ्या बाया हसल्या, पण या वेळी आईकडे बघून नाही, तिच्याबरोबर. तेवढ्यात काका, अण्णांना सगळ्या चिंचवडभर शोधून, पायी घामाघूम होऊन पोचले आणि त्यांनी विचारलं, माझी सायकल कुठं आहे? पुन्हा एकदा सगळे लोळले. त्या रात्री आम्ही काकूकडेच जेवलो, कारण भात आधीच झाला होता. गाद्या घातल्याच आहेत तर झोपा, असंही काकू म्हणाली, पण आईनं तेवढं ऐकलं नाही.

या प्रकारानंतर आई नळावर परत बोलायला लागली. आता बाया तिला मुद्दाम विचारायच्या आणि ती मुद्दाम लांबवून सांगायची. भाजीवाला आला की चार दारांमधून एकदम आवाज यायचा, थांब, येऊन राहिले. काकूला तर हा शब्द फारच आवडला. तिच्या पेठेतल्या नाकातल्या आवाजात तो असा यायचा, की आई तोंडाला पदर लावून आत पळायची. पण मूळ प्रश्न तसाच होता. रांजण कोपऱ्यात गोणपाटातच उभा होता. पायरीवरच्या त्या बोलण्याला आईनं उत्तर दिलं नव्हतं, आणि अण्णांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

मृग लागला आणि गावाकडून येणारे जाणारे सांगायला लागले की यंदा चांगला पाऊस आहे. अहमदपूरचं तळं भरलं. देगलूरला पूल दोन दिवस पाण्याखाली होता. आई ऐकायची आणि कामाला लागायची. अट पुरी झाली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अण्णा पावसाचा विषय निघाला की उठून सायकल पुसायला जायचे. तोवर त्यांनी स्वतःची घेतली होती. मला चिंचवड आवडायला लागलं होतं. शाळेत माझा शब्द चालत होता, एवढं मला पुरेसं होतं. भाऊ सरळ विचारायचा, आपण कधी जायचं? आई त्याला अण्णांकडे पाठवायची, अण्णा आईकडे.

दिवाळीच्या तोंडावर मिलचा मुकादम आला. अण्णांचा जुना सोबती, मूळचा आईसारखाच देगलूरकडचा, ऐसपैस माणूस. त्यानं शेंगांची पिशवी पुढं ठेवली, चहा घेतला आणि निरोप सांगितला. भुईमूग भरपूर आलाय, दिवाळीनंतर मिल सुरू होतेय, मालकांनी बोलावलंय, घराची किल्ली तशीच ठेवली आहे. गावाकडून माल घेऊन आलेला ट्रक उद्या मोकळाच परत चाललाय, सामान टाका आणि चला. एवढं सांगून त्यानं कोपऱ्यात बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, रांजण तर बांधूनच ठेवलाय वहिनींनी.

अण्णा आईकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर स्टँडावरून आलेला तो माणूस परत दिसला. आई उठली. ती रांजणापाशी गेली, विळी घेतली आणि गोणपाटाची शिवण उसवायला लागली. कडबा खोलीभर पडला. मुकादमाला वाटलं, नव्यानं बांधायचाय. तो मदतीला उठला. आईनं त्याला बसायला सांगितलं आणि पत्र्यावर थाप मारून पलीकडे हाक दिली, काकू, तुमच्याकडं जुन्या विटा हाईत का?

पलीकडून आवाज आला, “आहेत हो. थांबा, घेऊन येऊन राहिले.”

मुकादम चकित झाला. इथं पुण्याची बाई आपलं बोलते, असं त्याला वाटलं. काकू विटा घेऊन आली, काका मागं आणखी चार घेऊन, आणि रांजण कुठं बसवावा याबद्दल मत घेऊन. आई कुणाचं ऐकत नव्हती. तिनं दाराबाहेर, ओट्याच्या सावलीतली जागा दाखवली. अण्णांनी विटांचं कडं मांडलं, मातीनं लिंपलं, चौघांनी रांजण उचलला. मुकादमानंही हात लावला, कशाला लावतोय हे अजून त्याला कळलं नव्हतं. रांजण बसला. आईनं तो हातानं हलवून बघितला. हलला नाही.

मग ती मुकादमाला म्हणाली, “मालकांना सांगा, लई उपकार हाईत तुमचे. पण आमी हितं राहून राहिलो.”

मुकादम आमच्याकडचा माणूस. त्याच्या कानाला त्याचा अर्थ एवढाच, की सध्या इथं राहतोय. त्यानं साहजिकच विचारलं, “ते दिसून राहिलं, वहिनी. पण सध्या का कायमचं?”

आईनं काकूकडे बघितलं. काकूचे डोळे आधीच भरले होते. ते भरायला तिला कधीच वेळ लागत नसे.

“तुमच्या कानानं ऐका न्हाईतर काकूच्या,” आई म्हणाली, “मतलब एकच.”

अण्णा आत गेले आणि आमच्या घरातले सगळ्यात मोठे दोन हंडे उचलून नळाकडे निघाले, पाणी यायला अजून अवकाश होता तरी.